एसी लावताच इंजिन का दबते?

गॅस मारण्यापूर्वी पंधरा मिनिटांची तपासणी

मे महिन्याची दुपार. लालबागला भारतमाताच्या सिग्नलवर टॅक्सी उभी आहे. मागे बसलेले गिऱ्हाईक म्हणते, "एसी लावा." ड्रायव्हर बटण दाबतो. बोनेटखाली 'टक्' असा आवाज होतो, इंजिन दबते, स्टिअरिंग थरथरू लागते आणि सिग्नल हिरवा होण्याआधीच गाडी बंद पडते. मागून हॉर्न सुरू होतात. एसी बंद केला की तीच गाडी शहाण्यासारखी चालते.

संध्याकाळी ड्रायव्हर गाडी मेकॅनिककडे नेतो. मेकॅनिक म्हणतो, "चाचा, इंजिन ठीक आहे, एसीवाल्याला दाखवा." एसीवाला गेज लावण्याच्या आधीच म्हणतो, "गॅस कमी आहे, मारून देतो." गॅस मारला तरी गाडी दबतेच. मग इलेक्ट्रिशियन बॅटरी बदलायला सांगतो. तीन दुकाने, तीन बिले आणि दुखणे जागच्या जागी. ड्रायव्हरची दोन दिवसांची कमाई गेली. त्याहून मोठे नुकसान तिन्ही कारागिरांचे झाले. स्टँडवर उभ्या असलेल्या वीस टॅक्सीवाल्यांना तो त्यांची नावे सांगणार आहे, आणि चांगल्या अर्थाने नव्हे.

हा दोष ओळखणे अवघड नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गिऱ्हाईक ज्याला 'एसी' म्हणते तो एक भार नसून तीन वेगळे भार आहेत. ते एकेक करून इंजिनावर टाकले तर दोष आपोआप उघडा पडतो. एकदम टाकले तर शंभर शंका उभ्या राहतात. आमच्या कारागीर बांधवांसाठी ही तपासणी येथे क्रमाने देत आहोत. या लेखात 'गॅस' म्हणजे एसीचा गॅस समजावा. इंधनाच्या गॅसला आम्ही सीएनजी म्हणू.

पद्मिनीचा स्क्रू आणि आजची गाडी

मुंबईच्या टॅक्सीचे गणित एके काळी सोपे होते. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची पद्मिनी, १,०८९ सीसीचे इंजिन, कार्बोरेटर, आणि 'स्लो' कमीजास्त करायला एक स्क्रू. काळी-पिवळी पद्मिनी बिनएसीची होती. इंजिनाला आयडलिंगवर फक्त स्वतःला फिरवायचे होते. उस्तादाने कान लावला, पेचकस अर्धा फेरा फिरवला की काम झाले. तारदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून गेली. त्याबरोबर तो पेचकसाचा जमानाही संपला.

आज टॅक्सी म्हणून धावणाऱ्या लहान गाड्यांत एसी ही चैन राहिलेली नाही, ती कमाईची बाब आहे. १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरांत काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे ३१ रुपये झाले, तर निळ्या-चंदेरी कूल कॅबचे ४८ रुपये. हा १७ रुपयांचा फरक थंड हवेचा आहे. ॲपवर चालणाऱ्या गाडीत एसी बंद असला तर प्रवासी जागच्या जागी तक्रार नोंदवतो. म्हणून एसी लावल्यावर दबणारी गाडी म्हणजे ड्रायव्हरच्या रोजीला लागलेली गळती होय.

फेरे का बदलतात?

आयडलिंगवर इंजिन जेमतेम स्वतःपुरते काम करत असते. बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांत ते मिनिटाला ७५० ते ९०० फेरे फिरते. या अवस्थेत कॉम्प्रेसर जोडला गेला की साधारण एक ते दोन अश्वशक्तीचे ओझे एका झटक्यात अंगावर येते. रस्त्यावर पळणाऱ्या गाडीला ते फारसे जाणवत नाही. उभ्या गाडीला ते जाणवते, कारण तिच्या हाताशी शिल्लक ताकदच नसते.

हे ओझे पेलण्यासाठी गाडीतच सोय केलेली असते. तिच्या तीन पिढ्या आहेत.

पहिली पिढी कार्बोरेटरची. यात एसी लावला की एक छोटा विद्युत व्हॉल्व्ह उघडतो, इंजिनाचा व्हॅक्युम एका डायफ्रामला मिळतो आणि तो डायफ्राम थ्रॉटल किंचित ओढून धरतो. याला 'आयडल-अप' म्हणतात. जुन्या मारुती ८०० च्या एसी मॉडेलवर काम केलेल्यांना तो ठाऊक आहे. दुसरी पिढी एमपीएफआयची. साधारण २००० सालानंतर ती आपल्याकडे रुळली. तिच्यात थ्रॉटलच्या बाजूने जाणारी हवा एक आयडल व्हॉल्व्ह कमीजास्त करतो आणि त्याला हुकूम ईसीएम देतो. तिसऱ्या पिढीत ॲक्सिलरेटरची केबलच नाही. ईसीएम मोटरद्वारे थ्रॉटलची पाकळीच उघडतो.

तिन्हींत कल्पना एकच आहे. ओझे येण्याच्या क्षणी इंजिनाला थोडी जादा हवा व जादा इंधन द्यायचे. यावरून दोषाचे दोनच मूळ प्रकार निघतात. एक तर ओझे आहे त्यापेक्षा जड झाले आहे, किंवा ते पेलण्याची सोय बिघडली आहे. कारागिराने प्रथम एवढाच निवाडा करायचा.

चांगली गाडी कशी वागते?

दोष ओळखायचा तर निरोगी लक्षण माहीत हवे. चांगल्या गाडीत एसी लावताच काटा क्षणभर ५० ते १०० फेऱ्यांनी खाली येतो किंवा हलतही नाही. एक-दोन सेकंदांत तो सावरतो आणि पूर्वीइतका किंवा थोडा वर, म्हणजे ८५० ते १,००० च्या दरम्यान, स्थिर होतो. कॉम्प्रेसर सुटला की पुन्हा खाली येतो. एवढा बदल दोष नव्हे. गिऱ्हाईक घाबरून आले असेल तर त्याला हे समजावून परत पाठवावे. अशा वेळी पैसे मिळत नाहीत, पण गिऱ्हाईक कायमचे मिळते. नेमका आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. तो कंपनीच्या पुस्तकात किंवा बोनेटखालच्या पट्टीवर पाहावा.

आणखी एक खुलासा. तीन सिलिंडरच्या गाड्या मुळातच चार सिलिंडरवाल्यांपेक्षा जास्त हलतात. काटा स्थिर असून फक्त सीट व स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी इंजिन माउंटिंगचे रबर पाहावे. रबर बसले असेल तर एसीचे जरासे ओझेही थेट बॉडीला जाणवते. अशा गाडीत गॅस किंवा थ्रॉटल यांना हात लावण्याचे कारण नाही.

तपासणीचा क्रम

गाडी उघड्या जागी उभी करावी. बंद गाळ्यात इंजिन चालू ठेवू नये, धूर जिवावर बेततो. हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलला ठेवावा. रेडिएटरचा पंखा केव्हाही आपोआप फिरू लागतो, म्हणून सैल बाही, मफलर, लोंबती वायर त्याच्यापासून दूर ठेवावी. इंजिन पूर्ण गरम होऊ द्यावे. थंड इंजिनाचे फेरे मुळातच जास्त असतात आणि ते फसवतात.

पहिली पायरी : सगळे बंद. एसी, ब्लोअर, दिवे, रेडिओ बंद ठेवून दोन मिनिटे काटा पाहा. इथेच काटा खालीवर होत असेल, मिसिंग असेल, तर दोष इंजिनाचा आहे. प्लग, कॉइल, एअर फिल्टर, घाणेरडी थ्रॉटल बॉडी, फुटलेली व्हॅक्युम नळी यांचा शोध घ्या. एसीने दोष निर्माण केला नाही, फक्त उघडा पाडला.

दुसरी पायरी : फक्त ब्लोअर. एसीचे बटण बंदच ठेवा आणि ब्लोअर पूर्ण वेगाने लावा. येथे कॉम्प्रेसरचा संबंध नाही, हा निव्वळ विजेचा भार आहे. सोबत हेडलाइट व मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही लावा. बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर धरा. साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टच्या दरम्यान दाब मिळाला पाहिजे. तो तेराच्या खाली घसरत असेल आणि त्याबरोबर काटाही पडत असेल तर अल्टरनेटर, त्याचा बेल्ट किंवा अर्थिंग तपासा. बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामध्ये मीटर धरल्यास ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. जास्त दिसले तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. दादरच्या हिंदमातासारख्या ठिकाणी पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गेलेल्या गाड्यांत हा दोष नेहमी आढळतो. पट्टी घासून घट्ट केली की नवी बॅटरी वाचते.

तिसरी पायरी : एसी. ब्लोअर कमी वेगावर ठेवून एसीचे बटण दाबा. 'टक्' आवाज, काट्याची हालचाल आणि रेडिएटरजवळचा पंखा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पाहा. एक माणूस आत, एक बाहेर हवा. शागिर्दाला येथे उभे करावे, पाहून तो जे शिकेल ते सांगून येत नाही.

काही गाड्यांत हवेचे बटण समोरच्या काचेकडे फिरवले की एसीचे बटण न दाबताही कॉम्प्रेसर चालू होतो, म्हणजे काचेवरची वाफ लवकर जाते. "एसी बंद असून गाडी दबते" अशी तक्रार पावसाळ्यात येते तेव्हा प्रथम हे पाहावे.

चौथी पायरी : कॉम्प्रेसरची वायर काढून. सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. कॉम्प्रेसरच्या क्लचला जाणारे सॉकेट काढून ठेवा आणि पुन्हा एसीचे बटण दाबा. आता गाडीला हुकूम मिळेल, पण ओझे येणार नाही. काटा वर गेला किंवा निदान एकदा वर उचलला गेला, तर आयडल वाढवण्याची सोय जिवंत आहे. मग दोष ओझ्याकडे, म्हणजे कॉम्प्रेसर, गॅसचा दाब, पंखा यांच्याकडे आहे. काटा अजिबात हलला नाही तर हुकूम पोचत नाही किंवा पोचूनही थ्रॉटल ऐकत नाही. मग दोष इंजिनाकडे किंवा वायरिंगकडे आहे. एसीवाला आणि इंजिनवाला यांच्यातील अर्धे भांडण या एका सॉकेटने मिटते. काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला असा क्लच नसतो. तिथे स्कॅनर लावून 'एसी रिक्वेस्ट' पोचते का आणि आयडलचा ठरलेला आकडा वाढतो का, हे पाहावे.

पाचवी पायरी : सीएनजी आणि पेट्रोल. मुंबईतील टॅक्सी बहुतांशी सीएनजीवर चालतात. सीएनजी सिलिंडरमध्ये हवेची काही जागा व्यापतो, म्हणून त्याच इंजिनाची ताकद पेट्रोलच्या मानाने साधारण दहा टक्के कमी पडते. त्यामुळे एसीचे ओझे सीएनजीवर अधिक जाणवते. तीच तपासणी गाडी पेट्रोलवर घेऊन पुन्हा करा. पेट्रोलवर ठीक आणि सीएनजीवर दबत असेल तर एसीला दोष देऊ नका. सीएनजी पेटायला ठिणगी जोरदार लागते. प्लग झिजला की प्रथम सीएनजीवर मिसिंग होते. प्लग, एअर फिल्टर, सीएनजीचा फिल्टर आणि किटचे ट्यूनिंग या क्रमाने पाहा.

गॅसविषयीचा मोठा गैरसमज

आता मुद्द्याची गोष्ट. एसी लावला की इंजिन दबते, म्हणजे गॅस कमी, हा समज बाजारात पक्का बसला आहे. तो उलटा आहे. कॉम्प्रेसरचे काम गॅस दाबणे हे आहे. दाबायला गॅसच कमी असेल तर त्याचे काम हलके होते, जड नव्हे. म्हणून एसी चालू असेपर्यंत इंजिन सारखे दबलेले राहत असेल तर गॅस कमी आहे असे म्हणता येत नाही. गॅस जास्त झाला असण्याची किंवा तो थंड होत नसल्याची शक्यता अधिक.

गॅस कमी असण्याचे लक्षण वेगळे आहे. कॉम्प्रेसर दर काही सेकंदांनी लागतो आणि सुटतो, 'टक्-टक्' चालू राहते, आणि प्रत्येक वेळी काटा एकदा पडून उठतो. कारण दाब कमी झाला की लो-प्रेशर स्विच कॉम्प्रेसर तोडतो, दाब सावरला की जोडतो. शिवाय हवा थंड येत नाही. इंजिन दबते, पण हवा बर्फासारखी थंड, असे गिऱ्हाईक सांगत असेल तर गॅसचा डबा बाजूला ठेवावा.

परळच्या एका गॅरेजात एका उन्हाळ्यात आम्ही असा प्रकार पाहिला. सीएनजीवरची टॅक्सी, वर्षभरात दोनदा गॅस मारलेली. रस्त्यावर हवा थंड, इंजिन ठीक. सिग्नलवर दोन-तीन मिनिटे उभी राहिली की काटा हळूहळू खाली येई आणि गाडी बंद पडे. उस्तादाने गेज लावण्याआधी शागिर्दाला पाण्याची बादली आणायला सांगितली आणि एसी चालू ठेवून कंडेन्सरवर हलके पाणी शिंपडले. काटा डोळ्यांदेखत वर आला. निदान झाले. कंडेन्सरला हवा मिळत नव्हती, कारण पंख्याचा रिले मेला होता. गाडी पळत असताना समोरून येणारा वारा कंडेन्सर थंड ठेवी. गाडी थांबली की वारा थांबे, गॅसचा दाब चढे आणि कॉम्प्रेसर जड होई. आधीच्या दोन वेळा भरलेल्या जादा गॅसने दुखणे वाढवलेच होते. रिले बदलला, जादा गॅस यंत्रात काढून घेतला, कंडेन्सरमधला कचरा धुतला. काम एका तासाचे. ड्रायव्हर म्हणाला, "उस्ताद, वर्षभर मी बॅटरीला शिव्या देत होतो."

ही पाण्याची परीक्षा सर्वांनी करावी. पाणी शिंपडताच फेरे सावरले तर पंखा, कंडेन्सर किंवा गॅसचे प्रमाण यांत दोष आहे. फरक पडला नाही तर दुसरीकडे शोधावे. पाणी पंख्याच्या मोटरवर किंवा सॉकेटवर पडू देऊ नये.

गेजचे आकडेही लक्षात ठेवावेत. आर-१३४ए गॅसच्या गाडीत, ३२ ते ३५ अंश उन्हाळी हवेत, इंजिन १,५०० फेऱ्यांवर धरले तर कमी दाबाची बाजू साधारण ३० ते ४५ पीएसआय आणि जास्त दाबाची बाजू २०० ते २५० पीएसआय दाखवते. जास्त बाजू ३०० कडे जात असेल तर पंखा, कोंदलेला कंडेन्सर, जादा गॅस किंवा आत अडकलेली हवा यांपैकी एक कारण आहे. व्हॅक्युम पंप न लावता गॅस मारला की आत हवा व ओल राहते. मग दाब चढतो आणि थंडावा मिळत नाही. गॅस वजनकाट्यावर मोजूनच भरावा. लहान गाडीला अर्धा किलोच्या आसपास किंवा त्याहूनही कमी गॅस लागतो. पन्नास-शंभर ग्रॅम जास्त गेले तरी फरक पडतो. नेमके वजन बोनेटखालच्या पट्टीवर छापलेले असते.

जुन्या गाड्यांत आर-१२ गॅस असे. ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार तो जगभर बंद होत गेला. भारत या करारात १९९२ मध्ये सामील झाला आणि २०१० पासून आपल्याकडेही तो बंद झाला. आर-१२ आणि आर-१३४ए यांचे तेलही वेगळे असते. एकाच्या यंत्रणेत दुसऱ्याचे तेल गेले की कॉम्प्रेसर जड चालू लागतो आणि शेवटी जाम होतो. नव्या काही गाड्यांत आर-१२३४वायएफ हा तिसरा गॅस आहे. पट्टी वाचल्याशिवाय नळी जोडू नये. स्वस्त पडतो म्हणून पेट घेणारा गॅस भरणाऱ्यांपासून दूर राहावे. तो केबिनमध्ये गळला तर एक ठिणगी पुरते. जुना गॅस हवेत सोडून देऊ नये, यंत्रात ओढून घ्यावा.

लक्षणावरून दोष

वरील पायऱ्या झाल्यावर बहुधा पुढीलपैकी एक चित्र समोर येते.

बटण दाबताच फेरे धाडकन पडतात, पण लगेच सावरतात : थ्रॉटल बॉडी व आयडल व्हॉल्व्हमध्ये काजळी. योग्य क्लीनरने साफ करावे. केबल नसलेल्या थ्रॉटलची पाकळी बोटाने जोर लावून ढकलू नये, आतले दातेरी चाक तुटते. साफसफाईनंतर अनेक गाड्यांत ईसीएमला आयडल पुन्हा शिकवावे लागते. ते केले नाही तर साफ केलेल्या गाडीचे फेरे उगाच चढलेले राहतात आणि गिऱ्हाईक म्हणते, तुम्हीच बिघडवली.

फेरे पडतात आणि खालीच राहतात : चौथ्या पायरीचा निवाडा पाहा. हुकूम पोचत नसेल तर वायर व रिले, कार्बोरेटरच्या गाडीत फाटलेला डायफ्राम किंवा चिरलेली नळी. हुकूम पोचत असेल तर गॅसचा दाब आणि कॉम्प्रेसर. इंजिन बंद करून कॉम्प्रेसरची पुढची थाळी हाताने फिरवून पाहा. ती थोड्या अडथळ्याने पण एकसारखी फिरली पाहिजे. अडकत असेल, खरखरत असेल तर कॉम्प्रेसर आतून गेला.

एसी लावला की किंचाळल्यासारखा आवाज : बेल्ट सैल किंवा तेलकट. एसी बंद असतानाही घरघर असेल तर पुलीचे बेअरिंग.

उभ्या गाडीत हळूहळू दबते, चालताना ठीक : पंखा किंवा कंडेन्सर. पाण्याची परीक्षा करा.

सारखे खालीवर : एसी चालू असतानाच होत असेल तर कमी गॅस किंवा थर्मोस्टॅट. एसी बंद असतानाही होत असेल तर व्हॅक्युमची गळती. संशयित नळी बोटांनी दाबून पाहा. दाबताच इंजिन सुधारले तर नळी बदला.

एसीवर फेरे १,२०० च्या वर : आयडल-अप जास्त ओढले आहे किंवा कुठून तरी जादा हवा जाते आहे.

स्क्रू पिळू नका

घाईच्या वेळी एक सोपा मार्ग खुणावतो. थ्रॉटलचा स्क्रू थोडा पिळून फेरे वाढवून द्यायचे. गाडी बंद पडत नाही, गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पण एसी बंद असताना ती गाडी दिवसभर जादा फेऱ्यांवर चालते. इंधन जास्त जाते, क्लच सोडताना गाडी झटका देते, आणि एमपीएफआय गाडीत ईसीएमचा हिशेब बिघडून नवेच दोष उभे राहतात. मूळ दोष, मग तो पंख्याचा असो की गॅसच्या दाबाचा, आत वाढतच राहतो आणि एके दिवशी कॉम्प्रेसर घेऊन जातो. तो स्क्रू कंपनीने बसवून दिलेला असतो, तो एसीचा दोष झाकण्यासाठी नाही. कार्बोरेटरच्या गाडीत आयडल-अपचा स्क्रू वेगळा असतो. फिरवायचाच असेल तर तो, आणि तोही एसी चालू ठेवून.

धंद्याच्या दृष्टीने

या कामासाठी मोठे भांडवल लागत नाही. मल्टिमीटर, गेजचा जोड, वजनकाटा, व्हॅक्युम पंप आणि नव्या गाड्यांसाठी साधा स्कॅनर एवढे असले की लहान गॅरेजही हे निदान करू शकते. ज्याच्याकडे गेज नाही त्यानेही पहिल्या चार पायऱ्या आणि पाण्याची परीक्षा करूनच गिऱ्हाईक पुढे पाठवावे. सोबत चिठ्ठी द्यावी : एसी बंद असताना किती फेरे, चालू असताना किती, व्होल्ट किती, पंखा फिरतो की नाही, वायर काढल्यावर काय झाले. पुढचा कारागीर अंदाजाने नव्हे तर आकड्यांवरून काम करील. इंजिनवाला, एसीवाला आणि इलेक्ट्रिशियन यांनी आपसात अशी चिठ्ठी चालवली तर तिघांचाही वेळ वाचेल.

निदानाचे पैसे वेगळे आणि आधी सांगून घ्यावेत. आपल्याकडे पाहण्याचे पैसे मागायला लाज वाटते. मग तेच पैसे गॅसच्या किंवा नको असलेल्या भागाच्या बिलात लपवले जातात. पंधरा मिनिटे कसब वापरून दोष शोधला, तर त्या कसबाची किंमत उघडपणे मागण्यात गैर काही नाही. गिऱ्हाईकही ती देते, कारण नंतरचे दोन हजार वाचलेले त्याला दिसतात.

सुटा भाग घेताना मॉडेलच्या नावावर विसंबू नये. ऑपेरा हाऊसच्या बाजारात जाताना जुना भाग सोबत न्यावा आणि त्यावरचा क्रमांक जुळवावा. एकाच मॉडेलच्या दोन सालांतील रिले, व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेसर वेगळे असू शकतात. कुर्ल्याहून किंवा चोर बाजारातून जुना कॉम्प्रेसर आणायचा असेल तर थाळी हाताने फिरवून, तेलाचा रंग पाहून घ्यावा. तेल काळे किंवा चकचकीत कणांचे असेल तर तो कितीही स्वस्त असला तरी महाग पडेल. भाग जुना आहे हे गिऱ्हाईकाला आधी सांगावे, बिलावर तसे लिहावे आणि काढलेला भाग त्याच्या हाती द्यावा.

गाडी परत देताना शेवटची परीक्षा गिऱ्हाईकासमोर घ्यावी. एसी पूर्ण, ब्लोअर पूर्ण, हेडलाइट चालू, पंखा एकदा सुटून पुन्हा लागेपर्यंत, दहा मिनिटे उभ्या गाडीत, आधी पेट्रोलवर आणि मग सीएनजीवर. काटा स्थिर राहिला की चावी द्यावी. एवढे झाल्यावर ती गाडी दुपारी बारा वाजता लालबागच्या सिग्नलवर बिनधास्त उभी राहील, आणि त्या ड्रायव्हरच्या मागे स्टँडवरच्या दुसऱ्या टॅक्सीही तुमच्या गल्लीत वळतील.